बक्षीस आपलं, गळा कोणाचा?

युरोपात १९५६ पासून देशादेशांची गाण्याची स्पर्धा भरते, युरोव्हिजन. लक्झेंबर्ग हा देश आपल्या पुणे जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा. तरी १९६१, १९६५, १९७२, १९७३ आणि १९८३ साली तो पहिला आला. कसा? गायक कुठल्याही देशाचा चालतो. जिंकून देणाऱ्यांत चार जण फ्रान्सचे, एक मूळची ग्रीसची. लक्झेंबर्गचं स्वतःचं कोणीच नाही! १९९३ नंतर हा देश स्पर्धेतून बाहेर पडला, तो थेट २०२४ मध्ये परतला.

देहूत आमच्या भजनी मंडळातही हाच प्रश्न निघतो: स्पर्धेसाठी बाहेरची गायिका आणायची का? ढाल मिळेल, पण येत्या एकादशीला देवळात कोण गाणार? म्हणून आम्ही आधी आपल्याच बायकांचा गळा तयार करतो. नंबर मागाहून येईल.