साहेबांच्या दाराबाहेर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक-मित्रांनी यंदा मला एक अट घातली. लसीकरण, बालदमा, वाढीचे तक्ते हे सारे दरवर्षी येते, तेव्हा या खेपेस आपल्या छंदाविषयी लिहावे. अट ऐकून मी थोडा संकोचलो. कारण माझा छंद कोणापुढे सांगावा इतका प्रतिष्ठित नाही. मला ना शास्त्रीय संगीत कळते, ना मी सह्याद्रीचे गड पालथे घातले आहेत. मी जेम्स बाँडचे चित्रपट पाहतो. शाळकरी वयात थोरल्या भावाचे बोट धरून कॅम्पातील ग्लोब टॉकीजच्या अंधारात शिरलो, तेव्हापासून आज पन्नाशी उलटून गेली तरी पाहतो आहे. इंग्रजी त्या काळी फारसे कळत नसे. पण मोटारीला भाषा नसते आणि मारामारीला व्याकरण लागत नाही, त्यामुळे अडचण अशी कधी आली नाही.

मात्र माझे लक्ष मोटारींपेक्षा एका टेबलाकडे अधिक लागे. गुप्तहेर खात्याचा प्रमुख, ज्याला केवळ 'एम' म्हणतात, त्याच्या बंद दाराबाहेर ते टेबल असते आणि त्यामागे मिस मनीपेनी बसलेली असते. बाँड येतो, टोपी खुंटीच्या दिशेने फेकतो, तिच्याशी दोन लाडिक वाक्ये बोलतो, तोच आतून हाक येते. दोन-तीन मिनिटांचा हा प्रवेश. पुढे दोन तास बाँड जगभर हिंडतो. ही बाई टेबलापाशीच राहते. इयान फ्लेमिंगने 1953 सालच्या पहिल्याच कादंबरीत तिला आणले, पण पुस्तकांत तिला फारसा वाव नाही. तिचे जे काही आहे ते पडद्याने दिलेले आहे, आणि मुख्य चित्रमालिकेत चार अभिनेत्रींनी ते आपापल्या परीने सांभाळले आहे. (मालिकेबाहेरच्या दोन चित्रपटांतही, 1967 साली बार्बरा बूशे आणि 1983 साली पॅमेला सेलम, अशा दोघी येऊन गेल्या. त्यांच्यावर थांबण्याचे कारण नाही.)

पहिली लोइस मॅक्सवेल. मूळची कॅनडाची, 1947 सालच्या एका चित्रपटासाठी उगवती अभिनेत्री म्हणून गोल्डन ग्लोब मिळवलेली. 1962 साली 'डॉक्टर नो'च्या वेळी पती आजारी होता, घरात लहान मुले होती, कामाची निकड होती. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी तिच्यापुढे दोन भूमिका ठेवल्या. त्यांतील अंगप्रदर्शनाची तिने नाकारली आणि टेबलामागची स्वीकारली. असे चौदा चित्रपट, तेवीस वर्षे. शॉन कॉनरी गेला, जॉर्ज लेझनबी येऊन गेला, रॉजर मूर आला. टेबल तिचेच राहिले. मूर आणि ती लंडनच्या नाट्यअकादमीत बरोबरीने शिकलेली. दोघांचाही जन्म 1927 सालचा. दोघांचाही शेवटचा बाँडपट 1985 सालचा 'अ व्ह्यू टू अ किल'. परंतु अठ्ठावन्नाव्या वर्षाला टेकलेला नायक तरुणीला कवेत घेत होता, आणि त्याच वयाच्या मनीपेनीला त्याआधीच, उदयपुरात चित्रित झालेल्या 1983 सालच्या 'ऑक्टोपसी'त, हाताखाली एक कोवळी सहायिका देऊन तिचे वय प्रेक्षकांना दाखवून दिले होते. बाँड फुलांचा गुच्छ घेऊन येतो. एक फूल हिला देतो, बाकीचा गुच्छ त्या मुलीला. टॉकीजमध्ये हशा पिकला होता. मीही हसलो होतो. पुढे कधीतरी तो प्रसंग पुन्हा पाहिला, तेव्हा त्या एका फुलाकडे पाहताना मॅक्सवेलबाईंनी जे हसू आणले आहे ते नीट दिसले. त्यात तक्रार नाही, लाचारीही नाही.

सहायक भूमिकेचे हे बळ आपल्या भागाला नवे नाही. सुलोचनाबाई लाटकर निपाणीजवळच्या खडकलाटच्या. 1964 सालच्या 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये त्यांनी जिजाबाई केल्या आणि हिंदीत तर कितीएक नायकांच्या आई. कथा नायकाची, नाव नायकाचे. पण घर कोणी धरून ठेवले आहे हे प्रेक्षकाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळे. 2023 साली त्या गेल्या, तेव्हा आमच्याकडच्या वयस्क मंडळींना घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले. मनीपेनी त्या जातकुळीतली नव्हे हे खरे, परंतु कामाचा प्रकार तोच.

मॅक्सवेलबाईंचा माझ्या मते सर्वश्रेष्ठ प्रवेश 1969 सालच्या 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस'मधला. बाँडकडून मोहीम काढून घेतली जाते. तो तणतणत बाहेर येतो आणि मनीपेनीला राजीनामा लिहून घ्यायला सांगतो. ती लिहून घेते, कागद आत जातो, आणि साहेब तत्काळ मंजुरी देतात. बाँड सुन्न. मग कळते की तिने राजीनामा लिहिलाच नव्हता, दोन आठवड्यांची रजा मागितली होती. आज्ञा मोडली, कागद बदलला, आणि दोन तापट पुरुषांची अब्रू राखली. चित्रपटाच्या अखेरीस बाँडचे लग्न होते. तेथे तो आपली टोपी खुंटीकडे न फेकता तिच्याकडे फेकतो आणि ती डोळे पुसते. एवढ्या लहान भूमिकेला याहून मोठा सन्मान त्या मालिकेत कोणाला मिळालेला नाही.

हा प्रवेश आठवला की मला 2005 सालचा एक पावसाळी दिवस आठवतो, आणि लेख खरे तर त्यासाठीच लिहीत आहे.

वडगावात मी दवाखाना थाटला त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. सुरुवातीच्या काळात शेजारून यंत्रमागांचा खडखडाट अखंड येई. स्टेथोस्कोपातून छाती ऐकायची तर खिडकी लावून घ्यावी लागे. बाहेरच्या टेबलाशी बसायला मी जी बाई नेमली ती विणकराच्या घरातली, शिक्षण सातवीपर्यंतचे, मराठी आणि कानडी सारख्याच सफाईने बोलणारी. येणारे-जाणारे तिला अक्का म्हणत. मीही अक्काच म्हणू लागलो. नंबरांचे बिल्ले देणे, वजन करणे, पैसे घेणे एवढेच काम मी तिला नेमून दिले होते. त्यापलीकडचे एक काम ती आपणहून करी. बाकावर ओळीने बसलेल्या पोरांवरून तिची नजर सतत फिरत असे आणि अधूनमधून एखादे मूल नंबर सोडून ती आत पाठवी. 'रडणारं थांबंल हो डॉक्टर, न रडणारं थांबत न्हाई,' असे तिचे म्हणणे. मी एम.डी.ला जे पुस्तकातून शिकलो, म्हणजे गलितगात्र, निपचित मूल हे आकांत करणाऱ्या मुलापेक्षा अधिक धोक्यात असते, ते तिला बाकाकडे पाहून कळले होते.

जुलैचा महिना, जुलाब-उलट्यांची साथ, संध्याकाळी साठेक पोरे. अक्काने कोणा चाळिसाव्या नंबरला नवव्याच्या आधी सोडले. नवव्या नंबरचे वडील गावातले वजनदार गृहस्थ. त्यांनी आवाज चढवला. 'पैसे खाऊन सोडते' असेही बोलले. मी बाहेर आलो आणि साऱ्या बाकांसमोर अक्काला सुनावले. यापुढे नंबराप्रमाणेच आत सोडायचे, अपवाद नाही. अक्काने मान खाली घालून 'बरं' म्हटले. त्या गृहस्थांचे समाधान झाले. चाळिसाव्या नंबरच्या त्या मुलाला खरोखरच सलाइन लावावे लागले होते, हे मी त्या क्षणी कोणाला सांगितले नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी आठ महिन्यांचे एक मूल आले. नंबर एकतीस. अक्काने नंबराप्रमाणेच सोडले. आई म्हणाली, दिवसभर जुलाब झाले, आता कुठे शांत झोपलंय. ते झोपलेले नव्हते. टाळू खोल गेलेली, डोळे आत, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली तर सुरकुती तशीच उभी राहत होती. शीर सापडेना. अखेर नडगीच्या हाडात सुई घालून द्रव सुरू केला आणि तशाच अवस्थेत मोठ्या रुग्णालयात हलवले. तीन रात्री त्या मुलाची आशा नव्हती. चौथ्या दिवशी ते आईच्या अंगावर प्याले. माझ्या दाराबाहेर ते एक तास दहा मिनिटे बसले होते. वहीत वेळ लिहिलेली होती.

मी अक्काला विचारले, 'तुमच्या ध्यानात आले नव्हते?' ती म्हणाली, 'आलं हुतं. तुमीच सांगितलं हुतं न्हवं.' तिच्या सुरात टोमणा नव्हता, म्हणून ते अधिक लागले. दुसऱ्या दिवशी तिला म्हटले, पूर्वीप्रमाणे तुमच्या मनाने करा. परंतु बोललो होतो सगळ्यांच्या देखत, आणि हे म्हटले ते दार लावून घेऊन. तो हिशेब माझ्याकडून अद्याप पुरा फिटलेला नाही. या पानावर थोडा फिटला तर पाहावे.

त्यानंतर मी बाँडपट वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मॅक्सवेलनंतर आलेली कॅरोलाइन ब्लिस लोकांना फारशी आठवत नाही. 1987 आणि 1989 असे दोनच चित्रपट, चष्मा लावलेली, टिमथी डाल्टनच्या बाँडकडे काहीशी भाबडेपणाने पाहणारी. पहिल्या चित्रपटात ती मलाही फिकी वाटली होती. पण 'लायसन्स टू किल'मध्ये तिला मिनिटभराचा एक प्रवेश आहे. बाँड मित्राचा सूड घेण्यासाठी नोकरीला लाथ मारून निघून गेला आहे. तिने टाइप केलेल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत पाच चुका आहेत आणि एम तिला त्यावरून झापतो. तो पाठमोरा होताच ती बाँडची खबर शस्त्रे-उपकरणे बनवणाऱ्या म्हाताऱ्या क्यूपर्यंत पोहोचवते. मग क्यू सुटीच्या नावाखाली पेटी भरून थेट बाँडच्या खोलीत हजर होतो. बाँड त्या चित्रपटात जिवंत राहतो त्यात या मिनिटाचा वाटा मोठा आहे. एम चुकीची पत्रे पाहतो. चुका कशामुळे झाल्या हे पाहत नाही. मी त्या एमला नावे ठेवणार होतो, पण मला तो अधिकार नाही.

समँथा बाँड (आडनावाचा योगायोग खराच) 1995 ते 2002 या काळात चार चित्रपटांत आली. हिची मनीपेनी धारदार. 'गोल्डनआय'मध्ये ती रात्री नाटकाला जाण्याच्या पोशाखात येते आणि बाँडला ऐकवते की असले बोलणे आता लैंगिक छळात मोडू शकते. 'द वर्ल्ड इज नॉट इनफ'मध्ये तो तिला सिगार भेट देतो. ती तो टोपलीत टाकते. आत एमच्या खुर्चीवर जूडी डेंच बसलेल्या, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना बायका. संवादांत चारही जणींत हीच उजवी. परंतु तिला बोलायला मिळाले, करायला काही मिळाले नाही. आणि 'डाय अनदर डे'मध्ये तर यंत्राचा चष्मा लावून बाँडच्या मिठीचे स्वप्न पाहायला लावून लेखकांनी तीन चित्रपटांची कमाई एका विनोदावर उधळली. हा दोष अभिनेत्रीचा नव्हे.

मग 2006 आणि 2008 सालच्या दोन चित्रपटांत ती खुर्चीच रिकामी. 2012 सालच्या 'स्कायफॉल'मध्ये नेओमी हॅरिस आली, ती मात्र टेबलामागे नव्हे. बंदूक घेऊन, तुर्कस्तानात, धावत्या आगगाडीच्या टपावर झुंजणाऱ्या बाँडवर लांबून नजर ठेवून. नेम नीट बसत नाही असे ती कानातल्या यंत्रावर सांगते. लंडनमध्ये बसलेल्या डेंचबाई हुकूम देतात, झाड गोळी. ती झाडते. गोळी बाँडला लागते आणि तो पुलावरून खाली कोसळतो.

चित्रपटगृहात शेजारी मुलगी बसली होती. तिने विचारले, 'बाबा, काय झाले?' मला काही सांगता आले नाही. जागेवर असलेल्या माणसाला दिसत होते, खुर्चीवर असलेल्या माणसाला दिसत नव्हते, आणि हुकूम खुर्चीचा चालला. मला एकतीस नंबर आठवत होता. चित्रपट संपताना ती मैदानातले काम सोडते, नव्या एमच्या दाराबाहेरचे टेबल पत्करते आणि मग तिचे नाव कळते, इव्ह मनीपेनी. पन्नास वर्षांत पडद्यावर पहिल्यांदा तिला स्वतःचे नाव मिळाले. 'स्पेक्टर' (2015) आणि 'नो टाइम टू डाय' (2021) यांत ती शांतपणे आपल्या मनाला पटेल ते करते; वरिष्ठांना न सांगता बाँडला मदत करते. टेबल तेच, पण तेथे बसणे तिने स्वतः निवडलेले. अभिनयाचे सर्वाधिक गुण मी अजूनही लोइस मॅक्सवेलला देईन. भूमिका पुरती कळली ती हॅरिसमुळे.

अक्काने 2022 साली काम सोडले. गुडघे चालेनात. आता टेबलावर संगणक आहे. नंबर मोबाइलवर जातो, भिंतीवर लाल आकडे उमटतात, आणि नवी मुलगी बी.कॉम. झालेली, कामात चोख आहे. मागच्या महिन्यात अक्का पणतवंडाला लस द्यायला घेऊन आली. बिल्ला मागितला, बिल्ले आता नसतात हे कळल्यावर बाकावर बसून राहिली. दार किलकिले होते, मला ती दिसत होती. ती आकड्यांकडे पाहत नव्हती. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवून ती नव्या मुलीला म्हणाली, 'त्या निळ्या कुंचीतलं पोर आधी आत सोड गं.'

मुलीने वळून माझ्याकडे पाहिले. मी उठून दार पूर्ण उघडले.