बाळाच्या अंगावरील डाग

बाळाला तेल लावून न्हाऊ घालताना त्याच्या अंगावरील तीळ न् तीळ मातेच्या ओळखीचा होतो. अशा वेळी पाठीवर वा मांडीवर दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा सपाट डाग दिसला, तर वडीलधारी मंडळी 'जन्मखूण' म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. क्वचित गरोदरपणी ग्रहण नीट पाळले नाही, असा ठपकाही सुनेवर ठेवतात. एखाददुसरा डाग निरोगी मुलांतही आढळतो. परंतु असे डाग सहा किंवा अधिक असतील आणि प्रत्येक डाग ५ मिलिमीटरहून, म्हणजे साधारण तुरीच्या दाण्याहून, मोठा असेल, तर मुलास बालरोगतज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे.

हे 'न्यूरोफायब्रोमॅटोसिस' या विकाराच्या पहिल्या प्रकाराचे आरंभीचे चिन्ह असू शकते. सुमारे ३,००० बालकांत एकास तो असतो. जर्मन वैद्य फ्रीडरिख फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. विकाराचे मूळ सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे, हे जनुक १९९० मध्ये सापडले. त्यात दोष असला की पेशींची वाढ आवरणारे प्रथिन अपुरे पडते व मज्जातंतूंवर गाठी येतात. सुमारे निम्म्या रुग्णांत हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो. बाकीच्यांत तो नव्यानेच उद्भवतो. ग्रहणाशी किंवा मातेच्या खाण्यापिण्याशी त्याचा सुतराम संबंध नाही.

निदानास मात्र धीर लागतो, कारण सर्व लक्षणे एकदम दिसत नाहीत. डाग बहुधा पहिल्या वर्षातच उमटतात. काखेत व जांघेत तिळांसारखे बारीक ठिपके पुढे काही वर्षांनी येतात. डोळ्याच्या रंगीत पडद्यावरील सूक्ष्म उंचवटे नेत्रतज्ज्ञालाच खास दिव्याने दिसतात. त्वचेवरील मऊ गाठी बहुधा वयात येताना वाढू लागतात. केवळ डागांवरून निदान पक्के करीत नाहीत, कारण लेजियस नावाच्या सौम्य विकारातही असेच डाग असतात, पण गाठी होत नाहीत. त्यामुळे 'काही महिन्यांनी पुन्हा आणा' असे डॉक्टरांनी सांगितले, तर ती टाळाटाळ समजू नये. जनुकाची रक्ततपासणी शक्य असेल तेथे उलगडा लवकर होतो.

दोन बाबतींत मात्र थांबू नये. बाळाची नडगी वाकलेली दिसल्यास तत्काळ अस्थितज्ज्ञास दाखवावे. असे हाड मोडले तर सहसा सांधत नाही. दुसरी बाब दृष्टीची. डोळ्याच्या नसेवरील गाठ बहुधा सहासात वर्षांच्या आतच होते आणि लहान मूल 'मला कमी दिसते' असे सांगत नाही. ते तिरळे पाहू लागते, एखादा डोळा पुढे येतो, चालताना ते वस्तूंवर आदळते. म्हणूनच दरवर्षी नेत्रतपासणी हवी, व त्याबरोबर रक्तदाबाचीही.

शाळेत यांतील पुष्कळ मुले वाचनात, हिशेबात वा लक्ष देण्यात मागे पडतात. मास्तर त्यांना आळशी म्हणतात, घरी मार बसतो. निदान शिक्षकांस वेळीच कळविले, तर निराळ्या पद्धतीने शिकविता येते.

तपासणीस जाताना डागांची संख्या व आकार तारखेसह वहीत लिहून न्यावेत. मातापित्यांनी आपलीही त्वचा व डोळे तपासून घ्यावेत. त्यांपैकी एकास हा विकार असल्यास पुढील प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो.