मायामी बीच: पायऱ्या उतरून येणाऱ्यांचं शहर

मायामी बीचचं नाव मराठी वाचकाच्या कानावर येतं ते बहुतेक वेळा मरीन ड्राइव्हच्या निमित्ताने. आर्ट डेको इमारतींच्या बाबतीत जगात पहिला नंबर मायामीचा आणि दुसरा मुंबईचा, असं सांगायची पद्धत आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या या इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यापासून तर ते हमखास सांगितलं जातं. त्यामुळे मायामी बीच म्हणजे ओशन ड्राइव्हवरच्या फिक्या गुलाबी आणि पिस्ता रंगाच्या बुटक्या, देखण्या इमारती, एवढंच चित्र मनात बसलेलं असतं. बेट मात्र तिथे संपत नाही. समुद्राला समांतर जाणाऱ्या कॉलिन्स अव्हेन्यूने उत्तरेकडे चालू लागलं की चव्वेचाळिसाव्या रस्त्याच्या आसपास इमारती एकदम उंच होतात, धनुष्यासारखा बाक घेतात, त्यांच्या पोर्चची छतं रस्त्यावर झेपावतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीसेक वर्षांत उभी राहिलेली ही हॉटेलं. या शैलीला ‘मायामी मॉडर्न’ हे नाव मिळालं तेच मुळी १९९९ मध्ये. ओशन ड्राइव्हची छायाचित्रं जास्त निघतात, पण या शहराची खरी गोष्ट कळते ती इथे.

ती गोष्ट सुरू होते दारापासून, म्हणजे कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही यापासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बेट म्हणजे खारफुटी आणि डास. न्यू जर्सीचे शेतकरी जॉन कॉलिन्स यांनी इथे अव्होकॅडोची लागवड केली आणि बेट मुख्य भूमीला जोडणारा लाकडी पूल बांधायला घेतला. पैसे संपले तेव्हा मोटारीच्या दिव्यांच्या धंद्यात गब्बर झालेला कार्ल फिशर मदतीला धावला. १९१३ मध्ये पूल खुला झाला, १९१५ मध्ये गावाला स्वतःचा कारभार मिळाला. फिशरने खारफुटी छाटली, खाडीचा तळ उपसून भराव घातला आणि तयार झालेली जमीन धनिकांना विकली. ज्यूंना या व्यवहारांत जवळपास मज्जाव होता, कृष्णवर्णीयांचा तर प्रश्नच नव्हता. ज्यू कुटुंबांना घर घेता येई ते बेटाच्या दक्षिण टोकाला, तिथले जमीनमालक ल्युमस बंधू यांच्या जमिनीवर. ज्यूंनी येऊ नये अशा अर्थाच्या पाट्या हॉटेलांच्या दारांवर उघड लागत. या पाट्यांवर बंदी आली १९४९ मध्ये.

पुढच्या पाचच वर्षांत, टायरवाले हार्वी फायरस्टोन यांचा समुद्राकाठचा बंगला जिथे होता त्याच आवारात, फाउंटनब्लू हॉटेल उभं राहिलं. दिवस होता २० डिसेंबर १९५४. मालक बेन नोव्हाक न्यूयॉर्कजवळच्या डोंगरातल्या हॉटेलवाल्या ज्यू घराण्यातला. वास्तुविशारद मॉरिस लॅपिडस ओडेसात जन्मलेला, तान्हेपणी न्यूयॉर्कला आलेला. आणि पाहुणे? बरेचसे उत्तरेकडच्या शहरांतले दुकानदार, कापड कारखानदार, डॉक्टर, वकील. युद्धानंतर हाती पैसा आलेला, आणि आईवडिलांनी ज्या दारातून आत जायची हिंमत केली नसती तिथे आता आपण जाणार, याची ओढ लागलेली ही मंडळी होती. वातानुकूलनामुळे उन्हाळाही सुसह्य झाला आणि डिसेंबर १९५८ मध्ये अमेरिकेतली पहिली अंतर्देशीय जेट प्रवासी सेवा सुरू झाली तीही न्यूयॉर्क-मायामी मार्गावरच.

लॅपिडसला या पाहुण्यांची नस अचूक सापडली होती. त्याला आधी नाटकाच्या नेपथ्यात जायचं होतं. कोलंबिया विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतल्यावर वीसेक वर्षं त्याने दुकानं सजवली. माणूस सरळ रेषेत चालत नाही, रेंगाळत, वळत जातो आणि पतंगासारखा उजेडाकडे ओढला जातो, हे तो दुकानांत शिकला. तेच ज्ञान त्याने हॉटेलात आणलं. भिंतींना गोल भोकं, छताला अमीबाच्या आकाराचे कापे, कसलाही भार न पेलणारे बारीक खांब. लॉबीच्या पांढऱ्या संगमरवरी फरशीत त्याने काळ्या ‘बो टाय’चे आकार बसवले. तो स्वतः गळ्यात बो टायच बांधत असे.

त्या लॉबीतला जिना जवळून पाहण्यासारखा आहे. ‘कुठेच न जाणारा जिना’ म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण ते पूर्ण खरं नाही. वर छोटा मजला होता आणि तिथे कोट ठेवायची सोय. पाहुण्यांनी लिफ्टने वर जायचं, कोट उतरवायचा आणि दागिने, रेशीम, नवा सूट अशा थाटात सगळ्या लॉबीच्या देखत एकेक पायरी उतरत खाली यायचं. कठड्याच्या वळणामुळे उतरणारा माणूस क्षणभर समोरून, क्षणभर बाजूने दिसत राहतो. भोजनगृहातही हीच युक्ती. दारातून शिरलं की तीन पायऱ्या चढून एका चौथऱ्यावर यायचं, तिथे मंद प्रकाशझोत, मग तीन पायऱ्या उतरून टेबलाकडे. चढउताराची काहीच गरज नव्हती, गरज होती ती चौथऱ्यावरच्या त्या दोन क्षणांची. ब्रुकलिनच्या दुकानदारालाही तिथे सगळी खोली पाहत असे.

प्रतिष्ठित समीक्षकांनी याला भडक आणि सवंग ठरवलं. काटकसरीच्या, सपाट काचेच्या आधुनिकतेचा तो जमाना होता. व्यवसायबंधूंनी त्याची जाहीर हेटाळणी केली. निवृत्त होताना, १९८०च्या दशकात, त्याने आपली बहुतेक रेखाचित्रं नष्ट करून टाकली, ही त्या हेटाळणीची किंमत. उशिरा का होईना, २००० मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा डिझाइन सन्मान त्याच्या वाट्याला आला. पुढच्याच जानेवारीत, मायामी बीचवरच, तो वारला. मला लॅपिडसची बाजू पटते. वास्तुकला माणसासाठी असेल, तर आत पाऊल टाकताना माणसाची मान ताठ होणं हा तिच्या यशाचा पुरेसा पुरावा आहे.

मान ताठ करणाऱ्या या जगात हेवेदावेही तितकेच टोकाचे होते. नोव्हाकचा जुना भागीदार हॅरी मफसन याने १९५५ मध्ये अगदी शेजारी एडन रॉक हॉटेल उघडलं, वास्तुविशारद पुन्हा लॅपिडसच. नोव्हाकने मग फाउंटनब्लूच्या उत्तर हद्दीवर चौदा मजली, १६० फूट उंच नवी इमारत काढली. हिवाळ्यात, म्हणजे ऐन हंगामात, दुपारी दोनच्या सुमारास तिची सावली एडन रॉकच्या पोहण्याच्या तलावावर पडू लागणार होती. शेजाऱ्याकडची बाजू जवळपास कोरी भिंत. प्रकरण कोर्टात गेलं. १९५९ मध्ये फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की शेजाऱ्याच्या जमिनीवरून येणाऱ्या उजेडावर आणि हवेवर कोणाचा कायदेशीर हक्क नसतो. अमेरिकेतल्या कायद्याच्या वर्गांत हा निकाल आजही शिकवतात. ऊन विकण्यावर पोट असलेल्या गावात उन्हावर कोणाचा हक्क नाही असं ठरलं, आणि पुढच्या दशकांत किनाऱ्यावर उंच इमारतींची जी भिंत उभी राहिली तिचा रस्ता मोकळा झाला.

या झगमगाटाची दुसरी बाजू मागच्या दाराला होती. बीचवर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मोलकरणी, आचारी, हमाल यांना पोलिसांकडे नोंदवलेलं ओळखपत्र बाळगावं लागे. नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस यांच्यासारखे गायक या गावात रंगमंच गाजवत, पण १९५०च्या दशकात त्यांना मुक्कामासाठी पूल ओलांडून ओव्हरटाउन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जावं लागे. पाट्यांचा अपमान सोसलेल्या मालकांनीच दुसऱ्यांसाठी तेच दार बंद ठेवलं, ही गोष्ट सांगितल्याशिवाय त्या जिन्याचं कौतुक करू नये असं मला वाटतं.

आणखी उत्तरेला त्रेसष्टाव्या ते एकाहत्तराव्या रस्त्यापर्यंतचा किनारा २००४ मध्ये शहराने वारसा-विभाग म्हणून जाहीर केला. इथली शेरी फ्रॉन्टेनॅक हॉटेलची जुळी इमारत १९४७ची, आर्ट डेकोचा बिनीचा वास्तुविशारद हेन्री होहाउझर याची. एकाच हाताने जुनी शैली सोडून नवी कशी धरली ते तिच्यात दिसतं. कॅसाब्लांकाच्या पोर्चचं छत पगडीधारी पुतळ्यांनी तोललंय. नॉर्मन गिलरच्या कॅरिलॉनचं दर्शनी छत कागदाच्या घडीसारखं दुमडत गेलेलं आहे. ही इमारत २०००च्या दशकात नव्या उंच मनोऱ्यांच्या मध्ये धरून दुरुस्त केली गेली. मनोरे मला आवडत नाहीत, पण जुनी इमारत उभी राहिली हे खरं. याच गिलरने १९६१ मध्ये त्र्याहत्तराव्या रस्त्याजवळ महापालिकेसाठी खुलं संगीतगृह बांधलं, तिथे आजही मैफली होतात.

मोठ्या हॉटेलांच्या मागच्या गल्ल्यांत शिरलं तर दोन मजली साध्या इमारतींची रांग लागते, आणि माझ्या मते या शैलीचं शहाणपण तिथे जास्त दिसतं. मधे चिंचोळं अंगण, जिना बाहेरून, खोल्यांपुढून जाणारी उघडी गॅलरी. त्यामुळे घराला दोन्ही अंगांनी खिडक्या मिळतात आणि समुद्राचा वारा आरपार वाहतो. खिडक्यांवर इमारतीच्या कडेपर्यंत धावणारा सलग छज्जा. जिन्याला सिमेंटच्या जाळ्या, आपल्याकडच्या साठ-सत्तर सालच्या सोसायट्यांत असत तशाच. ऊन अडवायचं आणि वारा सोडायचा हा दमट हवेतला हिशेब मुंबई-गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

समोरचा पुळणीचा पट्टा मात्र निसर्गाचा समजू नये. हॉटेलांनी पाण्यापर्यंत बंधारे घातले, लाटांनी वाळू ओढून नेली, आणि १९७०च्या दशकात भरतीला कित्येक हॉटेलांपुढे किनारा उरतच नसे. शेवटी लष्कराच्या अभियंता विभागाने समुद्रतळाची वाळू पंपाने आणून नवा रुंद किनारा घातला. तोवर पर्यटक डिस्नी वर्ल्ड, लास वेगास आणि कॅरिबियन बेटांकडे वळले होते. फाउंटनब्लूचं १९७७ मध्ये दिवाळं निघालं. मोठा खर्च होऊन २००८ मध्ये ते नव्याने उघडलं.

डोव्हिल हॉटेलला ते भाग्य लाभलं नाही. मेल्विन ग्रॉसमनने १९५७ मध्ये बांधलेलं हे हॉटेल सदुसष्टाव्या रस्त्याला होतं. १६ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात दुसऱ्यांदा गायले ते इथल्या सभागृहातून. २०१७ मध्ये विजेमुळे आग लागली आणि हॉटेल बंद झालं. दुरुस्ती रखडली, मालक आणि महापालिका कोर्टात गेले. खाऱ्या हवेत बंद पडलेली काँक्रीटची इमारत फार काळ तग धरत नाही. सळया गंजतात, फुगतात, वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतात. अशातच जून २०२१ मध्ये थोडं उत्तरेला, सर्फसाइडमध्ये, एक बारा मजली निवासी इमारत मध्यरात्री कोसळून ९८ माणसं गेली. त्यानंतर जुन्या इमारतींकडे पाहण्याची सगळ्यांची नजरच बदलली, ते साहजिकही होतं. डोव्हिल धोकादायक ठरलं. त्या जागी उंच मनोरे उभारण्यासाठी वाढीव बांधकामाचा प्रस्ताव मतदारांनी ८ नोव्हेंबर २०२२ रोजी फेटाळला. पाच दिवसांनी सुरुंग लावून हॉटेल पाडण्यात आलं.

मला भीती वाटते ती पुढची. २०२४ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला, त्यानुसार किनाऱ्याच्या पूरप्रवण पट्ट्यातली, नव्या निकषांत न बसणारी इमारत मालकाला पाडायची असेल, तर स्थानिक वारसा समितीला फारसं आडवं येता येत नाही. २००० सालाआधी ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आलेल्या वारसा-विभागांना सूट आहे. ओशन ड्राइव्हची नोंद १९७९ची, तो वाचला. मायामी मॉडर्नचे विभाग यादीत आले ते २००० नंतर. सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही, पण दुरुस्ती हाही सुरक्षेचाच मार्ग आहे, आणि दुर्लक्ष करून इमारत धोकादायक बनवणाऱ्याला पाडण्याची मुभा बक्षीस म्हणून मिळू नये.

या शैलीची एक महत्त्वाची इमारत बीचवर नाहीच. खाडीपलीकडे ब्राउन्सव्हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत हॅम्प्टन हाउस हे दोन मजली मोटेल आहे, १९५०च्या दशकात एका ज्यू दांपत्याने चालवलेलं. उघडी गॅलरी आणि सलग छज्जे इथेही आहेत. मार्टिन ल्यूथर किंग मायामीत आले की इथे उतरत. बीटल्सच्या त्या कार्यक्रमानंतर नऊ दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, मुष्टियोद्धा कॅसियस क्ले म्हणजे पुढचा महंमद अली मायामी बीचच्या सभागृहात सनी लिस्टनला हरवून जगज्जेता झाला, आणि त्या रात्री मित्रांबरोबर बसला तो इथे. नागरी हक्क कायदा व्हायला अजून चार महिने होते. नंतर मोटेल ओसाड पडलं, पाडण्याच्या बेतातून जेमतेम वाचलं आणि दुरुस्त होऊन २०१५ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. मायामीला जाणाऱ्यांना माझा सल्ला असा, की आधी हॅम्प्टन हाउस पाहावं आणि मग पूल ओलांडून बीचवर जावं. क्ले त्या रात्री नेमका उलट दिशेने आला होता.