दाराबाहेरचा माणूस

संकेतस्थळ देखणे असावे की उपयोगी, हा वाद आता जुना झाला. तो कोणाच्या बाजूने निकाली निघाला, हे पाहणे मात्र उद्बोधक ठरेल. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांचे जगातील पहिले संकेतस्थळ लोकांसमोर आले, तेव्हा त्यावर अक्षरे आणि दुवे यांपलीकडे फारसे काही नव्हते. पुढे चित्रे आली, सरकत्या अक्षरांच्या पट्ट्या आल्या आणि संस्थांना आपल्या वैभवाचा दरबार भरवण्याची हौस सुटली. मुखपृष्ठावर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, त्याखाली खात्यांची उतरंड. ज्याला एखादा साधा दाखला हवा असेल, त्याने तो कोणत्या खात्याच्या पोटात दडला आहे हे स्वतःच हुडकावे, अशी रीत पडली.

ब्रिटनने ही रीत मोडली. २०१० मध्ये मार्था लेन फॉक्स यांनी सरकारला आमूलाग्र बदलाची शिफारस केली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ हे संकेतस्थळ सुरू झाले. आरंभ लोकांच्या गरजेपासून करावा, हे त्याच्या कर्त्यांचे पहिले सूत्र होते. लोक काय शोधतात, कोठे अडखळतात, हे पाहून मजकूर लिहिला गेला. पांढऱ्या पृष्ठावर ठळक काळी अक्षरे, एवढाच त्याचा साज. तरीही लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ चा सर्वोच्च पुरस्कार त्यालाच दिला.

आपल्याकडेही सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. तथापि नियम आणि व्यवहार यांत केवढे अंतर असते, हे ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडलेल्या गाऱ्हाण्याने दाखवून दिले. ओळख पटवण्यासाठी पापण्या मिटून दाखवा, असे यंत्र सांगे. ज्यांना पापण्या मिटताच येत नाहीत, त्यांनी काय करावे? डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असा निर्णय न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला.

वापरणाऱ्याला अग्रमान देणे ही आता रचनाकाराच्या सौजन्याची बाब उरलेली नाही. महाविद्यालयातील प्रवेश, शिष्यवृत्ती, बँकेतील खाते, यांसाठी आज बहुधा पडद्याच्याच दारातून आत जावे लागते. त्या दाराची उंची आत बसलेल्यांनी आपल्या सोयीने ठरवून चालणार नाही. बाहेर ताटकळणाऱ्या, सर्वांत अडलेल्या माणसाच्या मापानेच ती ठरली पाहिजे.