पिळाचे बळ

दोर ही वस्तू इतकी परिचयाची आहे की, तिच्यावर व्याख्यान ते काय द्यावयाचे, असे कोणासही वाटेल. शिवाय लांबत गेलेल्या भाषणाला आपण चऱ्हाटच म्हणतो. तेव्हा वक्त्याने या विषयापासून दूर राहावे, हेच शहाणपणाचे! तरीही आम्ही हा विषय घेतला. ज्या वस्तूवर माणसाचा जीव लोंबकळतो, ती बनते कशी आणि बनवतो कोण, हे नगरवासीयांना ठाऊक असलेले बरे.

आधी नावे पाहू. बैलाच्या नाकात वेसण, हाकणाऱ्याच्या हाती कासरा, गोठ्यात दावे. विहिरींवर मोटा चालत तेव्हा मोट ओढणाऱ्या जाड दोराला नाडा आणि तिच्या सोंडेला बांधलेल्या बारीक दोराला सोंदूर म्हणत. पोते शिवायला सुतळी, काथ्याचा तो सुंभ. म्हणीही तशाच. वेसण घालणे, दावणीला बांधणे, कासरा सैल सोडणे. यातली प्रत्येक म्हण कासरा धरणाऱ्याच्या तोंडची आहे. दोर वळणाऱ्याची त्यात कोठे आठवण नाही.

आपल्या खानदेशात दोर मुख्यतः अंबाडीचा. जिची पाला-भाजी आपण भाकरीबरोबर खातो, तीच ही अंबाडी. तिच्या काड्यांच्या पेंढ्या पाण्यात कुजत घालतात. साल सैल झाली की ती सोलायची, धुवायची, वाळवायची. हाती येतो तो वाख. या वाखाचा एक तंतू घ्या. लहान मूलही तो तोडील. मग बैल ओढील एवढे बळ दोरात येते कोठून?

ते येते पिळातून. वाख एका दिशेने पिळला की पेड होतो. असे तीन पेड एकत्र घेऊन उलट दिशेने वळले की दोर होतो. पेड आपला पीळ सोडू पाहतो, दोर आपला सोडू पाहतो. पण दोघांच्या दिशा उलट, म्हणून एकाचे सुटणे दुसऱ्याचे आवळणे ठरते. वर ताण पडला की तंतू एकमेकांवर अधिकच दाबले जातात आणि निसटत नाहीत. हातभर तंतूंचा शंभर हात दोर होतो तो याच घर्षणामुळे.

जर्मनीतील खाणींत पूर्वी लोखंडी साखळ्या वापरीत. एक कडी तुटली की सारी साखळी जाई, तीही पूर्वसूचनेवाचून. 1834 मध्ये विल्हेल्म आल्बर्ट याने तेथे लोखंडी तारा पिळून त्यांचा दोर केला. दोराच्या दोन-चार तारा तुटल्या तरी उरलेल्या भार धरतात आणि पाहणाऱ्याला इशारा मिळतो. संघटना म्हणजे काय, हे याहून सोप्या शब्दांत आम्हांला सांगता येणार नाही.

हा पीळ घालणारे हात कोणाचे? बलुतेदारीत दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे असे. पोळ्याला गावच्या बैलांना नवी वेसण, नवा कासरा त्यांनी पुरवायचा आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. किती द्यायचे, ते देणारा ठरवी. पुढे नायलॉन आले. 1935 मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले; त्याच्यामागून इतर कृत्रिम धाग्यांचे दोर आले. ते पाण्यात कुजत नाहीत. जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही बाजारात ते मिळतात. वस्तू सुधारली, याचे दुःख नाही. परंतु गिरणी बंद पडते तेव्हा निदान हजेरीपटावरची नावे मोजता येतात. दोर वळणाऱ्याचा धंदा बुडाला तेव्हा मोजायला पटच नव्हता.

आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण असतो, तेही पाहा. उन्हाळ्यात साक्री-शिंदखेड्याकडे विहिरी खोल करण्याची कामे निघतात. मजूर दोरावर खाली उतरतो आणि दगडाने भरलेली पाटी यारीने त्याच्या डोक्यावरून वर जाते. दोर विकत घेणारा काठावर असतो. दोरावर विसंबणारा तळाशी. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोर गाठीपाशी दुबळा होतो. पेड उकलून आत भुगा दिसला, तर बाहेरून धड दिसणारा दोरही टाकावा. कृत्रिम दोर उन्हाने कमजोर होतो. पोलादी दोराच्या तारा तुटून वर आल्या असतील, तर तो इशारा समजावा.

आपल्यापैकी पुष्कळांच्या शेतात विहीर आहे. तेथे काम निघाले की मजुरी ठरवण्याआधी दोर पाहावा, आणि उतरणाऱ्यालाही तो पाहू द्यावा. त्याने 'हा नको, नवा आणा' म्हटले, तर ती अरेरावी समजू नये. दोराची किंमत काठावरच्याने दिली असली, तरी तो चांगला की वाईट हे ठरवण्याचा पहिला हक्क तळाशी जाणाऱ्याचा आहे.