रानमांजराची वाट

पणजी-बेळगाव महामार्ग मोले येथे भगवान महावीर अभयारण्यातून अनमोड घाट चढतो. त्याच्या रुंदीकरणाचा विषय निघाला की झाडांची मोजदाद होते. रात्री रस्ता ओलांडणारे रानमांजर मात्र कोणाच्याच खिजगणतीत नसते. रस्ता नको, असे आम्ही म्हणत नाही. परंतु नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात नऊ ठिकाणी पुलांखालून श्वापदांना वाट ठेवली गेली, त्यांतली एक ७५० मीटर रुंद. तीही न्यायालयीन लढ्यानंतरच! २०१९ साली तेथील कॅमेऱ्यांत वाघाबरोबर रानमांजरही टिपले गेले. (वाघाचे नाव नसते तर एवढा पैसा सुटला असता काय?) मोल्याच्या कोणत्याही आराखड्यात अशा वाटा कोठे व किती, हे सरकारने कुऱ्हाड चालविण्यापूर्वी जनतेपुढे मांडावे.