रंग, प्रकाश आणि हिरड्या

मंडळी, अजिंठ्याची लेणी आपल्याच सोयगाव तालुक्यात. तिथं फ्लॅश मारू देत नाहीत, कारण प्रकाश नुसता दाखवत नाही, तो वस्तूवर कामही करतो. हेच काम हिरड्यांच्या आजारात कसं वापरतात, ते आज पाहू. मी दंतवैद्य नाही, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. पण हेळसांडीनं माझ्या दोन दाढा गेल्या, तेव्हापासून हा नाद लागला.

दात आणि हिरडी यांच्यात बारीक फट असते, निरोगी तोंडात फार तर ३ मिलिमीटर खोल. तिथं कीटण साचलं की जंतूंचा चिकट थर बसतो, फट खोल जाते, आतलं हाड झिजतं आणि दात हलू लागतो. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून आपण गाफील राहतो.

या फटीत मिथिलीन ब्लूसारखा निळा रंग सोडतात. तो जंतूंना चिकटतो. मग बारीक नळीतून सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतात. रंग प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो. हा चेतलेला ऑक्सिजन क्षणभरच टिकतो, पण तेवढ्यात जंतूचं आवरण फोडतो. घाव एकदम अनेक जागी बसतात, त्यामुळे प्रतिजैविकांसारखी जंतूंना याची सवय होणं अवघड.

१९०० साली म्युनिकच्या ऑस्कर राब या विद्यार्थ्यानं हे दाखवलं होतं: अ‍ॅक्रिडीन रंगातले सूक्ष्मजीव उजेडात मरतात, अंधारात तगतात. आपल्याकडे कोडावर बावची लावून ऊन घेतात. तिथली रासायनिक वाट वेगळी, पण द्रव्य आणि प्रकाश यांची जोडी तीच.

नैयायिक सांगतात, एकट्या कारणानं कार्य होत नाही, सामग्री पुरी लागते. माती आहे पण कुंभार नाही, तर घडा कुठला? इथंही रंग, प्रकाश, ऑक्सिजन तिन्ही हवेत.

आता मागून ताईंनी विचारलं, "सर, हा प्रकाश घेतला की मिश्री चालेल ना?" नाही, ताई. कीटण आधी खरवडून काढावंच लागतं; प्रकाश ही फक्त जोड. अभ्यासांत या जोडीचा फायदा थोडा आणि बहुधा काही महिन्यांपुरता दिसतो, काहींत दिसतही नाही. मिश्री चालूच, साखर वाढलेली, ब्रश नाही, तर सामग्री आजाराची पुरी होते, उपचाराची नव्हे.

संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. हिरडीतून रक्त येत असेल तर तपासून घ्या. कुणी प्रकाशाचा उपचार सुचवला, तर आधी एवढंच विचारा: "डॉक्टर, कीटण पुरतं निघालं का?"